वॅट नंतर विचारा, आधी खाली दाबून बघा: माझ्या प्लंज राऊटरबद्दल

राऊटर म्हणजे इंटरनेटचा डबा नव्हे, तर फिरत्या बिटाने, म्हणजे धारदार पात्याने, लाकडात खोबणी आणि कडा कोरणारं सुताराचं विजेचं यंत्र. त्याबद्दल मला जे फोन येतात त्यांतल्या दहापैकी आठांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, राऊटर घ्यायचाय, किती वॅटचा घेऊ?" मी उलट विचारतो, "दुकानात हातात घेऊन खाली दाबून बघितलास का?" की पलीकडे शांतता. बहुतेकांनी फोटो बघितलेला असतो, स्टिकर वाचलेलं असतं आणि ऑर्डर टाकायला अंगठा तयार असतो. मीही असाच घेतला होता, म्हणून बोलतोय.

देवरुखात आमचं सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे. चौकटी, खिडक्या, देव्हारे, अधूनमधून एखादा पलंग. आप्पा, म्हणजे माझे वडील, वयाच्या चौदाव्या वर्षापासून पटाशी धरतायत आणि अजून सोडलेली नाही. त्यांच्या लेखी राऊटर म्हणजे 'गोंगाट'. "तो गोंगाट बंद कर, जेवण वाढलंय," असंच म्हणतात.

पहिला गोंगाट मी घरबसल्या मागवला, ४८०० रुपयांना. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तेच मशीन पाच वेगवेगळ्या रंगांत पाच नावांनी मिळतं. स्टिकरवर १८५० वॅट. मोटर वाईट नव्हतीच, हे आधी कबूल करतो. फणसाच्या फळीला कडेने गोला मारला, म्हणजे कड गोल केली, मायका कापला, सगळं ठीक. चार महिने मी खूश होतो.

मग चिपळूणच्या एका गिऱ्हाइकाचा देव्हारा आला. फणसाचाच. मागच्या फळीत दोन खोबणी मारायच्या होत्या, ८ मिमी खोल, फळी १८ मिमीची. पहिली खोबण सुरेख आली. दुसरीच्या अर्ध्यावर आवाज बदलला, जरा जड झाला. मला वाटलं गाठ आली असेल, म्हणून आणखी दाबलं. मशीन उचललं तर फळीच्या आरपार उजेड, आणि खाली माझ्या बाकावरही बोटभर लांब चर. झालं होतं असं की डेप्थ रॉड, म्हणजे बिट किती खोल उतरेल ते ठरवणारी दांडी, आवळायचा स्क्रू थरथरून सैल झाला होता, रॉड वर सरकली होती, मशीन त्या खोलीवर धरून ठेवणारी लॉकची पट्टी नुसतीच वळत होती आणि माझ्या हाताचं वजन बिटाला खाली खाली ढकलत होतं. आप्पांनी फळी उजेडात धरून बघितली. एवढंच म्हणाले, "पटाशी आपणहून खाली जात नाही हो." ती फळी पुढे माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला मागून लागली, चर भिंतीकडे करून. गिऱ्हाइकाला नवी फळी.

त्या दिवशी मला या यंत्राचं मर्म कळलं. साधा राऊटर आणि प्लंज राऊटर यांत फरक मोटरचा नाही. फरक त्या दोन खांबांचा आहे, ज्यांवरून मोटर स्प्रिंगच्या जोरावर खालीवर होते. फिरतं बिट लाकडाच्या मधोमध उतरवायचं, ठरवलेल्या खोलीवर थांबवायचं आणि काम झालं की सरळ वर घ्यायचं, यासाठीच तर आपण जास्तीचे पैसे मोजतो. तेच खांब खुळखुळत असतील तर १८५० वॅट घेऊन काय लोणचं घालायचंय?

दुसऱ्या वेळी मी आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. खिशात १२ मिमी दांडीचा आणि अर्धा इंच दांडीचा, असे दोन जुने बिट. दुकानदाराला सांगितलं, वीज लावायची नाही, नुसतं हाताळू द्या. तो जरा वैतागला, पण बाकी गिऱ्हाईक नव्हतं. तीन मशीनं काउंटरवर मांडली.

मी काय केलं ते सांगतो, कारण हेच कुठल्याही दुकानात करता येतं. एक, फक्त एका मुठीवर जोर देऊन मशीन खाली दाबलं. चांगलं मशीन तिरकं दाबलं तरी अडखळत उतरत नाही. एक मशीन तिथेच नापास, अर्ध्या वाटेत घट्ट बसलं. दोन, पूर्ण खाली नेऊन लॉक केलं आणि मोटरचं डोकं धरून बाजूला हलवलं. इथे जी खुळखुळ हाताला लागते तीच उद्या खोबणीच्या भिंतीवर लाटा बनून दिसणार. तीन, अर्ध्यावर लॉक करून दोन्ही हातांनी अंगचं वजन टाकलं. सरकलं तर परत खोक्यात. चार, लॉकची पट्टी मूठ न सोडता बोटाने पोचते का ते पाहिलं. हे बारीक वाटतं, पण सुरू मशीनवरून एक हात काढून लॉक शोधायला लागणं यासारखा दुसरा धोका नाही. पाच, कोलेटात, म्हणजे बिटाची दांडी धरणाऱ्या चिमट्यात, बिट घालून आवळला आणि दांडा हाताने हळूहळू फिरवत टोक कागदावरच्या एका रेघेशी धरलं. टोक रेघेवरून डगमगलं तर बेअरिंग किंवा कोलेट वाकडं.

तिन्हींत मकिता कंपनीचा आरपी २३०१ एफसी या पाचही चाचण्यांत उतरला आणि मी तोच घेतला. पहिल्या मशीनच्या पाचपट पैसे गेले. बायकोला आकडा सांगताना मी घाट उतरेपर्यंत थांबलो.

कागदावरचं आधी सांगून टाकतो. २१०० वॅट, मिनिटाला ९००० ते २२,००० फेरे, ७० मिमीपर्यंत उतरतो, वजन सहा किलोच्या आसपास. हळू सुरू होतो, लाकडात घुसल्यावर फेरे पडू देत नाही, बटण सोडलं की ब्रेक लागून बिट थांबतं, आणि बिटापाशी छोटा दिवा आहे. यातलं कामाचं काय आणि शोभेचं काय, ते दीड वर्षात कळलं.

हळू सुरू होणं मला आधी चैन वाटायची. पण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आणि जुना राऊटर सुरू करताना हातात असा हिसका द्यायचा की बिट रेघ सोडून उडी मारायचं. नवा घरघर करत वर चढतो. एक लक्षात ठेवा, २१०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. घरातल्या ६ अँपिअरच्या छोट्या प्लगवर हे चालवायचं नाही. मी १६ अँपिअरचा वेगळा बोर्ड काढून घेतला आणि एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिमीची केली. आधीची बारीक वायर गुंडाळीतच इतकी तापायची की तिच्यावर हात शेकावा.

फेरे कमी करता येणं ही मात्र शोभा नाही. गणित करून बघा. ५० मिमी व्यासाचं मोठं बिट २२,००० फेऱ्यांवर फिरवलंत तर त्याची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. मोठं बिट म्हणजे कमी फेरे, सरळ हिशेब. मी पॅनेलचं मोठं बिट १०,०००च्या पुढे नेत नाही. १२ मिमीच्या सरळ बिटाला मात्र २०,०००–२२,००० हवेतच, नाहीतर कड खरखरीत येते.

आता ज्यासाठी घेतला ते काम. चौकटीतली खोबण, जिच्यात कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं जोडासाठी काढलेलं टोक, बसतं. सागाची ४ इंच बाय अडीच इंच चौकट, खोबण १२ मिमी रुंद, ७५ लांब, ४० खोल. आप्पांना पटाशीने एक खोबण काढायला वीसेक मिनिटं लागतात, आणि ती बघत बसावी अशी येते. मी काय करतो: चौकटीला दोन्ही बाजूंनी एकेक सरळ पट्टी क्लँपने आवळतो, म्हणजे राऊटरच्या बैठकीला बसायला रुंद जागा मिळते. साईड गाइड, म्हणजे राऊटर सरळ रेषेत ठेवणारी बाजूची आडपट्टी, एका पट्टीला टेकवतो. मग मशीन बंद असताना बिट लाकडाला टेकेपर्यंत दाबून लॉक. हे झालं शून्य. डेप्थ रॉड आणि खालचा थांबा यांच्यात जेवढी फट ठेवाल तेवढंच बिट उतरणार. पट्टीवरचे आकडे वाचत बसत नाही, त्या फटीत मोजून कापलेला ४० मिमीचा लाकडी ठोकळा धरतो, रॉड त्याच्यावर टेकवून आवळतो. कमी खोलीला ड्रिलची दांडी चालते. १० मिमीचं ड्रिल म्हणजे १० मिमी, त्यात चूक व्हायला जागाच नाही.

मग खोबणीच्या दोन टोकांना आधी सरळ खाली-वर, खाली-वर, शेवटपर्यंत. दोन भोकं पडली की मधलं लाकूड एका फेरीला ५–६ मिमी या हिशेबाने काढत जायचं. सात-आठ फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत भुसा बाहेर उडतो, तिसरीपासून खोबणीत साठायला लागतो आणि मशीनचा आवाज घोगरा होतो. तिथे थांबून व्हॅक्यूमची नळी लावायची. न थांबता दाबलंत तर बिट भुशातच रगडत राहतं, तापतं, आणि सागाचा जळका वास सुटतो. खोबणीच्या भिंती काळ्या पडल्या तर त्यांवर फेविकॉलही नीट धरत नाही.

मांडामांड धरून एक खोबण पाच मिनिटांत. पण टोकं गोल येतात, बिट गोल आहे ना. तिथे दोन रस्ते: कुसूच्या कडा कानशीने गोल करा, किंवा खोबणीचे कोपरे पटाशीने चौकोनी करा. आमच्याकडे कोपरे आप्पा करतात. चार टोले, चार कोपरे. "तुझा गोंगाट ढोबळ काम करतो, सुतारकाम मीच करतोय," हे दर चौकटीला एकदा ऐकावं लागतं, आणि खोटं आहे असं म्हणायला तोंड नाही.

बिटांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण लोक मशीनला पैसे घालतात आणि बिटाला कंजुषी करतात. मी स्वतः एक बारा नगांचं खोकं स्वस्तात घेतलं होतं. त्यातलं सरळ बिट खाली दाबलं की धूर. उतरेचना. दोन दिवस मी मशीनला शिव्या दिल्या. शेवटी बिट उलटं करून तळ बघितला तर तळाला धारच नाही, मधे नुसती बोथट जागा. ते बिट कडेने आत शिरण्यासाठी बनवलेलं, वरून खाली उतरण्यासाठी नव्हेच. प्लंज करायचं असेल तर तळालाही धार असलेलं बिट मागा, किंवा मळसूत्री घ्या, जे भुसा वर उपसून काढतं. साग कापत असाल तर कार्बाइडशिवाय दुसरं घेऊ नका. सागात वाळूसारखी बारीक सिलिका असते, साध्या पोलादी बिटाची धार ती एका चौकटीत खाऊन टाकते.

आणि बिटाच्या दांडीचं माप. आपल्या बाजारात ६, ८, १२ मिमीही मिळतं आणि पाव इंच, अर्धा इंचही. १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७, हे 'जवळजवळ सारखंच' नाही. अर्धा इंची कोलेटात १२ची दांडी घालून कितीही पिळलंत तरी ती धरणार नाही, आणि सुटलेलं बिट कुठे जाईल याचा नेम नाही. माझ्याकडे अर्धा इंची कोलेट आहे, त्यामुळे मी सगळे मोठे बिट त्याच मापाचे केले आणि १२चे मित्राला देऊन टाकले. एकाच खोक्यात दोन्ही ठेवायचेच नाहीत. बिट बसवताना दांडी तळापर्यंत घालून मग दोनेक मिमी वर घ्यायची आणि आवळायचं. बिट नसताना रिकामं कोलेट मात्र कधी आवळू नका, ते चिमटतं.

दिशेची चूक मी एकदाच केली. फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना राऊटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, आतल्या कडेने जाताना घड्याळाप्रमाणे. तसं केलं की बिट लाकडाशी झुंजतं आणि मशीन आपल्या ताब्यात राहतं. मी घाईत एकदा उलट नेलं. सहा किलोचं मशीन स्वतःच चाक लावल्यासारखं फळीवरून पळायला लागलं आणि मी त्याच्या मागे. ब्रेक आहे म्हणून बटण सोडताच बिट थांबलं. जुन्या मशीनला ब्रेक नव्हता, तिथे बिट कितीतरी वेळ नुसतं फिरत राहायचं. त्या दिवसापासून ब्रेकला मी शोभेची वस्तू म्हणत नाही.

गाइड बुश, म्हणजे बिटाभोवती बैठकीला बसवायची कडी जी फर्म्याच्या (साच्याच्या) कडेला घासत जाते, वापरायला शिकायला मला वेळ लागला, पण बिजागरीच्या खाचा त्याच्याशिवाय मारायच्या म्हणजे डोळे फोडणं. हिशेब सोपा: बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटाचा व्यास, भागिले दोन. बुश २० मिमी, बिट १२ मिमी, तर एका बाजूला ४ मिमी. बिजागरीची पाटी जेवढी, त्यापेक्षा फर्मा चहूबाजूंनी ४ मिमी मोठा कापायचा. एकदा एमडीएफचा फर्मा करून ठेवला की दहा दारं डोळे मिटून. म्हणजे मिटू नका.

वजनाबद्दल विचारतात. सहा किलो आडव्या चौकटीवर त्रास देत नाहीत, उलट मशीन बसून राहतं. पण उभ्या दाराच्या कडेला, हात छातीशी धरून, हा राऊटर चालवायचा विचारही करू नका. कुलुपाची खाच बसवलेल्या दारात मारायची असेल तर मी दार बिजागरीतून काढून आडवं करतो. ज्यांना फक्त कडेला गोला मारायचा, मायका साफ करायचा, लहान खोबणी काढायच्या, त्यांनी एवढा हत्ती पाळू नये. त्याच कंपनीचा आरपी ०९०० आहे, ९०० वॅट, ३५ मिमी उतरणारा, पावणेतीन किलोच्या आतला. गच्चीवर शनिवार-रविवार खेळणाऱ्याला तो पुरून उरेल. नुसत्या मायकासाठी तर ट्रिमरच, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राऊटरच, बरा. वॅट जास्त म्हणून मशीन चांगलं, हे डोक्यातून काढा.

भुशाचं मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. नळी लावली तरी कडेचं काम करताना अर्धा भुसा अंगावरच येतो. फणसाचा पिवळा भुसा घामावर चिकटला की हळदीला बसल्यासारखं दिसतं, हसायला येतं, पण लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. त्यामुळे एन-९५ मास्क, चश्मा आणि कानांवर मफ, तिन्ही. आप्पा मास्क लावत नाहीत. राऊटर सुरू झाला की ते पडवीत जाऊन बसतात, त्यालाच मास्क समजायचं.

कोकणातल्यांसाठी एक जादा गोष्ट. पावसाळ्यात खांब गंजतात. पहिल्याच जुलैत माझ्या जुन्या मशीनच्या खांबांवर तांबूस ठिपके आले होते आणि ते अडखळायला लागलं होतं. तेल लावलं तर त्यावर भुसा बसून खळ होते. मी आता काम संपलं की खांब कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात देतो आणि मशीन लोखंडी कपाटात ठेवतो, ज्यात पावसाळाभर एक छोटा बल्ब जळत असतो. नव्याचे खांब दोन पावसाळ्यांनंतरही आरशासारखे आहेत.

आणि तो ४८००चा? विकला नाही. कुणाच्या गळ्यात मारणार? त्याच्या स्प्रिंगा काढल्या, खोली धरायला थ्रेडेड रॉड (आटे असलेली सळी) आणि दोन नट लावले, आणि प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवून टाकला. आता त्याला वर-खाली करायचंच नाही, त्यामुळे त्याची खुळखुळही कुणाला दिसत नाही. गेल्या महिन्यात देवळाच्या कठड्याच्या बेचाळीस पट्ट्यांना त्यानेच गोला मारला. मोटर वाईट नव्हतीच, म्हटलं ना.